परार्धाच्या पुढे

शस्त्रक्रिया चालू असेपर्यंत श्रीरंगचं मन यंत्रात काढून ठेवलं होतं. त्याची धाकटी बहीण रेवा चहा पिऊन परतली, तर डॉक्टरांचा चेहरा पडलेला.

"यंत्राचा वेग चुकून वाढला. तुमचा चहा होईपर्यंत त्यांच्याकडे युगं उलटली असतील."

रेवा घाबरून माइकवर वाकली. "दादा, बरा आहेस ना?"

"एकटाच आकडे मोजत बसलो होतो," दादाचा आवाज आला. "परार्धापर्यंत मोजून झालं. त्याच्यापुढे काय म्हणतात गं?"

परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. लहानपणी एकं, दहं, शतं त्यानंच तिच्याकडून घोकून घेतलं होतं; ते परार्धाशीच संपायचं.

"त्याच्यापुढे नावच नाही रे, दादा."

"असं कसं? मी तर केव्हाचा तिथंच आहे."