शुभेच्छुक

"ताई, चष्मा चालत न्हाई," असं म्हणून देवानंदनं माऊसच्या चार फटक्यांत रितिकाच्या नाकावरचा चष्मा पुसून टाकला.

फ्लेक्सच्या त्या दुकानात रितिका त्याच्याशेजारी स्टुलावर बसली होती. पडद्यावर आपलाच चेहरा असा उघडाबोडका होताना बघणं काही सुखाचं नव्हतं. जालन्यातल्या लग्नांत ती बरीच वर्षं डीजे वाजवत होती, पण कन्सोलच्या मागं राहून. बाहेर फ्लेक्सवर नाव आणि फोटो साउंडवाल्या मालकाचा. शनिवारी शहागडच्या लॉनवर पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या नावाची नाइट होती. तिचा चुलतभाऊ मयंक ती भरवत होता आणि फोटो तुझाच लागणार, असा शब्दही त्यानंच दिला होता. त्या शब्दावर भाळून ती सकाळपासून हवेत होती.

फोटो तिनं निवडून आणला होता. साधा कुर्ता, केसांना क्लिप, नजर खाली बोटांवर. एका गाण्यात दुसरं गाणं मिसळताना ती जशी दिसते, अगदी तशी.

"डीजे असा असतो का कुठं?" म्हणत देवानंदनं त्याच्याकडचे नमुने उघडले. पुण्याचे, हैदराबादचे, नांदेडचे. गाव कुठलंही असो, तऱ्हा एकच. मागं काळंकुट्ट, त्यातून जांभळ्या-निळ्या उजेडाच्या तिरिपी, अक्षरांना करंट लागल्यासारखी चमक, आणि मधोमध एक गोरी बाई. डोळे मिटलेले, ओठ अर्धे उघडे, एक हात हेडफोनवर. नाव कुणाचंही असो, बाई हीच.

"डीजेची बाई कानावर हात ठेवती, ताई."

"मी न्हाई ठेवत. माझे हात वाजवण्यात असतात."

"मंग लोकांना कळायचं कसं, डीजे हाय म्हणून?"

देवानंद माणूस वाईट नव्हता. त्यानं खटपट मनापासून केली. क्लिप काढली, केस मोकळे सोडले, रंग उजळवला, कुर्त्याच्या बाह्या उडवल्या. एवढं करून पडद्यावर जी उरली ती ना रितिका होती ना कुणी. मग त्यानं मान हलवली.

"कवाचा जमवून राह्यलो, पन बसत न्हाई," तो म्हणाला, आणि ती पोरगी उचलून त्यानं तिथं नमुन्यातली गोरी बाई आणून ठेवली.

मागं खुर्चीवर बसलेल्या मयंकनं मोबाइलमधून मान वर काढली. "हां. आता वाटली डीजे नाइट."

"भैया, तू शब्द दिल्ता."

"नाव हाय ना तुझं. बघ की, केवढं मोठं हाय. तो फोटो लावला तर लोक म्हणतील ट्यूशनवाली बाई आली." स्वतःच्याच बोलण्यावर तो हसला. "आन् पटत न्हाई तर आत्ताच सांग. तुझ्याबिगर, पेनड्राइव्ह लावून बी नाइट होऊन जाती."

रितिकाला असा संताप आला की उठून सरळ बाहेर पडावं. पण तिला वाजवायचं होतं. तिच्या नावावर, तिच्या पसंतीचं, पहिल्यांदा. ती बसून राहिली आणि त्या बसण्याचीच तिला जास्त चीड आली.

तेवढ्यात मयंक शुभेच्छुकांकडं वळला. पुण्याच्या क्लबात ही भानगड नसते. आपल्याकडं खाली शुभेच्छुकांची रांग नसेल तर त्या फ्लेक्सला फ्लेक्स कोण म्हणतो? आधी पडद्यावर लॉनचे मालक कारभारी आले, कानाला मोबाइल लावून. मग पुंजाराम जनरेटरवाले, हात जोडून. मग त्यांचा नातू, वाढदिवसाची टोपी घालून. ज्याचा जसा रंग तसा, ज्याचं जेवढं पोट तेवढं. कुणाची मिशीसुद्धा हलली नाही.

"काकाजी राह्यले," म्हणत मयंकनं रितिकाच्या वडिलांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. भंवरलालजींचं हार्डवेअरचं दुकान. लेकीला त्यांनी वाजव असं कधी म्हटलं नव्हतं आणि वाजवू नको असंही नाही.

"काकाजी, रितूची नाइट हाय. शुभेच्छुकात तुमचा फोटो टाकतो."

पलीकडून भंवरलालजींनी आधी विचारलं, "रितूचा फोटो तर न्हाई ना त्याच्यावर?"

मयंकनं रितिकाकडं बघितलंही नाही. "न्हाई काकाजी. विदेशी बाई हाय."

"मंग बराबर. घरच्या पोरीला चौकात टांगायचं न्हाई. माझा पाठवतो जल्दी. दुकानाचं नाव जरा मोठं टाका."

फोटो लगेच आला. कुठल्याशा लग्नातला, डोक्यावर गुलाबी फेटा, डोळ्यांवर जाड काळ्या काड्यांचा चष्मा, हात जोडलेले. रांगेत जागा उरली होती ती बरोबर त्या बाईच्या उघड्या खांद्याखाली. देवानंदनं भंवरलालजींना तिथं बसवलं. ते हसत होते.

रितिका त्या फोटोकडं बघत राहिली. ती शांतपणे म्हणाली, "देवानंदभाऊ, पप्पांचा चष्मा काढा की."

ती मस्करी करते असं समजून तो हसायला गेला. मग तिचा चेहरा बघून त्यानं माऊसवरचा हात बाजूला घेतला.

"काकाजींचा? कशाला, ताई? लोकांनी वळखायचं कसं मंग त्यांना?"