प्रश्न सातवा

"पेन्सिलनंच भरा," सर्व्हेवाल्या मॅडम म्हणाल्या. त्या विद्यार्थ्यांमधला शहाणपणा मोजत होत्या.

प्रश्न सातवा: 'दुसऱ्याची बाजू ऐकूनच मी मत बनवतो.' मी बिनधास्त 'नेहमी'वर खूण केली.

शेजारी रूममेट दिगू बसला होता. गेल्या आठवड्यात मी तापातून उठलो तर माझं जर्नल गायब. जर्नलशिवाय प्रॅक्टिकलला बसू देत नाहीत. यानंच ढापलं असणार, असं मी अख्ख्या हॉस्टेलला सांगितलं. तो "अरे, ऐक ना" म्हणाला की मी हेडफोन लावायचो.

तेवढ्यात लॅबच्या काकांनी माझ्यासमोर जर्नल ठेवलं. "सरांची सही झाली. तू तापात होतास तेव्हा शेवटच्या तारखेला या दिगूनं आणून दिलं, नाहीतर लटकला असतास."

मी सातव्या प्रश्नाकडे बघत बसलो. दिगूनं खोडरबर पुढे सरकवलं.

"घे," तो म्हणाला, "ढापलेलं नाहीये."