यूमापर्यंतचं आइस्क्रीम

“फ्रिजचा गॅस बंद केलास?” मागच्या खिडकीतून एल्डननं विचारलं.

“केला,” गाडीच्या टाकीत पेट्रोलची नळी खुपसत मेव्हिस म्हणाली.

“घट्ट?”

“घट्ट! एवढं माफ, पण हा तुझा शेवटचा शब्द. आता तोंड उघडलंस तर पैज मी जिंकले आणि गाडी राहिली.”

खिडकीचा पडदा फटकन ओढला गेला. मेव्हिस पैसे द्यायला आत गेली. नीडल्स गावच्या त्या पंपावर भली मोठी रांग होती आणि पारा केव्हाच शंभर फॅरनहाइटच्या पार गेला होता.

एकोणीस हिवाळे एल्डननं हे चाकांवरचं घर माँटानाच्या बर्फातून ॲरिझोनाच्या उन्हात नेलं होतं. यंदा त्याची नजर अधू झाली, लायसन्स गेलं आणि त्यानं एका वाक्यात निकाल लावला, “विकून टाकू.”

“मी चालवीन की,” मेव्हिस म्हणाली होती.

“स्टिअरिंग कुणीही फिरवेल गं. पण गॅसवरचा फ्रिज? ते तुझ्या हातचं काम नाही.”

मेव्हिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पैज तिथेच लागली. सगळा रस्ता तिनं चालवायचा, एल्डननं मागच्या खोलीत दार लावून पडून राहायचं, चकार शब्द काढायचा नाही. घरी केलेलं हकलबेरी या रानफळाचं आइस्क्रीम ॲरिझोनातल्या यूमाला घट्ट पोचलं तर गाडी राहील. वितळलं तर विकायची, आणि उरलेले सगळे हिवाळे खिडकीतून बर्फ बघत काढायचे. मेव्हिसला त्या विचारानंच धडकी भरे.

दोन दिवस तिनं फ्रिजची बडदास्त ठेवली होती. चालत्या गाडीत तो गॅसवर. पंप आला की गॅस बंद, पंप मागे पडला की पुन्हा चालू. मुक्कामाला गाडी अगदी सपाट जागी, नाहीतर स्वारी थंडावा द्यायचीच बंद. एल्डन बोलत नव्हता, पण प्रत्येक वळणावर खाकरत होता. खाकरणं म्हणजे शब्द नव्हे, असा त्याचा कायदा.

पंपापासून अर्धा मैल पुढे तिनं गाडी बाजूला घेतली, उतरून गॅसच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडला, आत येऊन बटण दाबलं. टिक-टिक झाली आणि ज्योत लागली.

“पेटला!” तिनं मागच्या दाराकडे बघून जाहीर केलं.

साधं खाकरणंही नाही. रुसला असणार. तिनं हॅमचं सँडविच करून त्याच्या दाराशी ठेवलं आणि गाडी हाकली.

क्वार्टझसाइटच्या अलीकडे वारा सुटला. धुळीनं रस्ता दिसेना. फ्रिजवर लाल दिवा लागलेला तिला आरशात दिसला. वाऱ्यानं ज्योत विझवली होती. तिनं गाडी वळवून वाऱ्याकडे तोंड करून उभी केली, वारा जरा पडेपर्यंत फ्रिजच्या बाहेरच्या झरोक्यासमोर स्वतःची पाठ लावून दम धरला, मग आत धावत येऊन पुन्हा बटण. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ज्योत धरली.

“बघितलंस? भर वावटळीत पेटवला!” ती ओरडली.

आतून शांतता. मेव्हिसला त्याची दयाच आली. एवढी चूक काढायची संधी आणि बिचारा जीभ चावत पडलाय. की मनातून मान्य केलं असेल त्यानं? या विचारानं तिला एकदम हलकं वाटलं. पुढचे सगळे मैल तिनं बेसूर गात काढले.

संध्याकाळी पाचला गाडी यूमाच्या नेहमीच्या तळावर शिरली, तेव्हा जुनी मंडळी खुर्च्या टाकून वाटच बघत होती. निम्म्यांनी एल्डन जिंकणार म्हणून छातीठोक सांगितलं होतं. तळाची व्यवस्थापक डोरीन चमचा घेऊन पुढे झाली. सगळ्यांसमोर तिनं आइस्क्रीमच्या डब्यात तो खुपसला. चमचा वाकला.

“दगड आहे दगड!” डोरीन किंचाळली.

टाळ्या, शिट्ट्या, थाळ्यांचा कडकडाट! कुणीतरी मेव्हिसच्या डोक्यावर स्वतःची टोपी चढवली. तिचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचंही तिला भान नव्हतं. गाडी राहिली होती. हिवाळा राहिला होता.

“आणि ऐका,” ती म्हणाली, “नीडल्सपासून इथवर आमच्या साहेबांनी एक अक्षर काढलं नाही!”

“हा तर आइस्क्रीमपेक्षा मोठा चमत्कार!” मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

तिनं पहिली वाटी एल्डनसाठी भरली, वर गच्च ढीग रचला आणि दिमाखात गाडीची पायरी चढली. तेवढ्यात डोरीन फोन घेऊन मागे आली. “तुझ्यासाठी आहे.”

मेव्हिसनं वाटी सांभाळत फोन कानाला लावला.

“मेव्हिस,” पलीकडून एल्डनचा पडेल आवाज आला, “मी अजून नीडल्सच्या पंपावरच आहे. तुला पुन्हा विचारायची चोरी, म्हणून व्हॉल्व्हला हात लावून बघायला मी खाली उतरलो होतो. गॅस अगदी घट्ट बंद केला होतास.”