मेस्त्रींचा सांधा

"मेस्त्रीकाका, वरची फळी अजून तासा. दोन मिलिमीटरच ठेवायची," युकुलेले, म्हणजे चिमुकली गिटार, घडवायला शिकवणारी मुलगी बजावत राहिली. पण जन्मभर सागवानी दारं बनवलेले मेस्त्री सहाच्या खाली जाईनात. एवढीशी पातळ फळी नातीच्या हातात टिकायची कशी?

त्यांनी ती तशीच पक्की चिकटवली. सरस वाळल्यावर तारा ओढल्या, छेडल्या. आवाज अगदी बद्द आला. फळी उचकटायला त्यांनी पटाशी घातली. पण सांधा त्यांच्याच हातचा; तसूभर हलेना.

तेवढ्यात नातीचा व्हिडिओ कॉल आला. "झालं माझं युकुलेले? वाजवा ना, आजोबा!"

मेस्त्रींनी तारांवरून बोट फिरवलं. मग जोर लावून पुन्हा फिरवलं.

"आजोबा," नात म्हणाली, "आधी दार उघडा. कोणीतरी कधीचं ठोठावतंय."