अंगावर प्यालेली

“मागच्या दाराने ये म्हटलं ना! पाहुणे बघतायत,” दुर्दाना बेगम दातओठ खात म्हणाली.

माई सबाई हटली नाही. ल्यारीच्या गरीब वस्तीतून क्लिफ्टनच्या या बंगल्यावर दोन बसगाड्या बदलून ती आली होती. सकाळी नातीने लग्नाची पत्रिका वाचून दाखवली, नवरीच्या बापाचं नाव ऐकलं आणि म्हातारी हातातला घास टाकून उठली. नवरदेव, म्हणजे बेगमचा शहमीर, सबाईच्या अंगावर प्यालेला. आणि नवरी अनोशे? तीही! मधे दोन वर्षं गेली, एवढंच.

दोन्ही बंगल्यांनी तेव्हा तिला मागच्या दाराने आत घेतलं होतं. कुठे बोलणार नाही, असं दोन्ही बेगमांनी कुराणावर हात ठेवून वदवून घेतलं होतं. आफ्रिकेच्या रक्ताची शीदी बाई, तिचं दूध खानदानात गेलं म्हटल्यावर नाक नाही का कापलं जाणार! मेल्यांना दूध चाललं, पाजणारी चालली नाही.

मौलवीसाहेब रजिस्टर उघडून बसले होते. सबाई थेट त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“थांबा! या दोघांना मी पाजलंय. एका बाईचं दूध प्यालेली भावंडं आहेत ही. हा निकाह हराम आहे! शपथ मोडल्याचं पाप माझ्या डोक्यावर.”

मांडवात कुणीतरी फिसकन हसलं. मौलवींनी लेखणी खाली ठेवली.

“बेगमसाहेबा, तुम्ही दोघींनी सांगायचं. ही बाई खरं बोलतेय?”

शहमीर आईच्या तोंडाकडे बघत होता.

“ही काळी? माझ्या मुलाला?” दुर्दाना बेगम हसली. “अहो, हिच्याकडून मी त्याची दुपटीसुद्धा धुवून घेतली नसती!”

“आमच्या दारात असली बाई कधी आलीच नाही,” नवरीची आई रुखशंदा बेगम म्हणाली. तिने सबाईकडे पाहिलंसुद्धा नाही.

सबाईच्या अंगाची लाही लाही झाली. ती रुखशंदाकडे वळली. “अगं, तुला दूध येईना, तुझं पोर रडून रडून निळं पडलं होतं! जनाची नाही तर मनाची तरी...”

चौकीदारांनी तिला दंडाला धरून फाटकाबाहेर काढलं.

पाठोपाठ दुर्दाना बेगम आली. चौकीदारांना तिने लांब पिटाळलं. चेहरा पांढराफटक पडला होता.

“सबाई, खरं सांग. तिच्याकडेही तूच होतीस?”

“मीच. सव्वा वर्ष. अजून वेळ गेलेली नाही, बेगम. जा, थांबव. लेकरांना नरकात लोटू नकोस गं!”

बेगमने मांडवाकडे पाहिलं. पुढच्या रांगेत मंत्री होते, जनरल होते, क्लबातल्या साऱ्याजणी होत्या. तिने दुपट्टा सारखा केला, आत जायला वळली.

“पाप काय, अल्ला माफ करील,” ती म्हणाली. “ही माणसं नाही करणार.”