पलीकडच्या खांद्यावरची क्लिप

आईच्या खांद्यावरची क्लिप आजही उघडीच होती.

थोरलीनं दारातूनच पाहिलं आणि आधी नळीकडे नजर टाकली. नशीब, नळी जागेवर होती. नाकातून निघून, गालावरच्या चिकटपट्टीखालून येऊन ती चादरीत शिरली होती. आजारात आईची वाचा गेली, गिळणंही गेलं, तेव्हापासून तिच्या पोटात जे काही जायचं ते त्याच नळीतून. पलंगाला खुर्ची चिकटवून बाबा डोळे मिटून बसले होते. एक हात मांडीवर, दुसरा चादरीखाली.

"बाबा! परत सुटली क्लिप. इथं बसून तुम्ही करता तरी काय?"

बाबांनी डोळे उघडले. "किती वाजले गं?"

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हल्ली त्यांना दुसरा प्रश्नच सुचत नसे. स्वतःचं घड्याळ कुठं ठेवलंय ते सांगायचं नाही आणि दिवसभर घरादाराला वेळ विचारत बसायचं. तिनं नळी ओढून घेतली, क्लिप खाडकन लावली आणि बाहेर आली.

ती क्लिप तिचीच होती. दवाखान्यांसाठी प्लॅस्टिकच्या वस्तू बनवणाऱ्या कारखान्यात ती डिझायनर होती. अंगावरच्या नळ्या आणि वायरी सांभाळणारी क्लिप करायचं काम आलं, तेव्हा दवाखान्यातल्या सिस्टरनं तिला एवढंच बजावलं होतं, "आवळायची नाही, ओढायची नाही. नळी नुसती धरायची." थोरलीला वाटलं, हा तर आपल्या हातचा मळ.

आणि मग आईची नळी निघाली. निघाली ती बाबांमुळं. आईला उठवून बसवताना ती त्यांच्या हाताला कशी कोण जाणे अडकली आणि सबंध बाहेर आली. दवाखान्यात नवी घालताना दोघा सिस्टरांनी आईला दाबून धरलं होतं. तोंडातून आवाज फुटत नव्हता, डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं. ते दृश्य थोरलीच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. घरी आल्या आल्या तिनं बाबांना सांगून टाकलं, "यापुढं नळीला हात लावायचा नाही." बाबांनी मान खाली घालून बरं म्हटलं.

तेव्हापासून क्लिपची परीक्षा आईच्याच खांद्यावर चालली होती. पहिली एकदोनदा उघडी सापडली. थोरलीनं ती घट्ट केली, तर रोज उघडी सापडायला लागली. आणखी घट्ट केली, तर सकाळ-दुपार उघडी. कारखान्यात टेबलावर झोपवलेल्या रबरी बाहुल्यावर मात्र हीच क्लिप वजन टांगलं तरी तसूभर हलत नव्हती. थोरलीचं डोकं चालेनासं झालं होतं.

"घरात प्लॅस्टिकवर राग असलेलं भूत आहे," धाकटा भाऊ म्हणाला. "आणि पहारेकरी बघ आपले! बाबा चहासुद्धा हल्ली डाव्या हातानं पितात. उजवा बहुतेक ठेवणीतला आहे."

थोरलीला हसू आलं नाही. तेवढ्यात क्लिपचा साचा बनवणाऱ्या साचेवाल्याचा फोन आला.

"ताई, पोलाद मशिनवर चढवतोय. एकदा कापलं की फेरफार नाही हं. घेऊ ना कापायला?"

"थोड्या वेळानं सांगते," ती म्हणाली.

फोन ठेवला, पण जिवाला चैन पडेना. त्या साच्यातून निघालेली प्रत्येक क्लिप कुणाच्या तरी आईच्या खांद्यावर बसणार होती. पायाला भिंगरी लावल्यासारखी ती स्वयंपाकघर ते बैठक, बैठक ते स्वयंपाकघर फिरत राहिली. शेवटी चप्पल काढली आणि पावलं न वाजवता आईच्या खोलीच्या दाराआड जाऊन उभी राहिली. आज छडा लावायचाच.

आई चुळबुळ करत होती. तिला बाबांच्या बाजूला वळायचं होतं. क्लिप पलीकडच्या खांद्यावर. आई थोडी वळली, नळी ताणली गेली, नाकपुडी ओढली गेली. आईच्या कपाळावर आठी पडली आणि ती परत पाठीवर आली. टेबलावरच्या बाहुल्यानं कधी कूस बदलली नव्हती.

बाबांनी दाराकडे चोरून पाहिलं. मग उठून वाकले आणि दोन्ही अंगठे लावून, ओठ दाबून त्यांनी क्लिप उघडली. नळी उजव्या हातात घेतली, हात चादरीत घातला आणि पुन्हा खुर्चीत बसले. आई सावकाश वळली, बाबांकडे तोंड करून. तिची आठी गेली.

थोरली आत आली आणि तिनं चादर उचलली.

नळी बाबांच्या दोन बोटांच्या मध्ये होती. आईला ठसका लागला तशी नळी सरकली, बोटं तिच्याबरोबर गेली आणि परत जागेवर आली. मनगट उघडं होतं. घड्याळाच्या पट्ट्याखालची कातडी इतक्या वर्षांत पांढरी पडलेली. नळी अडकली होती ती त्या पट्ट्यात, हे थोरलीला आत्ता कळलं.

तिच्या हातातला फोन वाजला. साचेवालाच. बाबा दचकले, खुर्चीत सबंध हलले. ती दोन बोटं मात्र हलली नाहीत.

थोरलीनं फोन कानाला लावला. "साचा थांबवा," ती म्हणाली.

"आधीची क्लिप मला परत लावता यायची," बाबा पुटपुटले. "ही उघडते कशीतरी, पण लागत नाही गं." मग तिच्या डोळ्यांत पाणी पाहून ते घाबरले आणि घाईघाईनं म्हणाले, "मी काही केलं नाही. नुसती धरली होती."