एकही नोंद नाही

'कनेक्शन नाकारलं.' पडद्यावर तिसऱ्यांदा तेच आलं, तेव्हा दारात सिस्टर येऊन उभ्या होत्या.

"झालं का, कॉम्प्युटरबाई?"

"होतंय," ती म्हणाली. होत काहीच नव्हतं.

हॉस्पिटलच्या तळघरातली ही खोली तिची एकटीची. रक्तदात्यांचं वेबपान तिनंच लिहिलं होतं. रक्तगट निवडला, की तिची स्क्रिप्ट, म्हणजे तिनं लिहिलेला छोटा प्रोग्रॅम, दूरच्या शहरातल्या डेटाबेसला विचारायची आणि दात्यांची यादी आणून पुढ्यात ठेवायची. दोन वर्षं बिनबोभाट चाललेलं ते पान नेमकं आज रुसलं होतं. आणि वर तिसऱ्या मजल्यावर अपघाताचा पेशंट होता, लाखात एखाद्याचा असतो तसला रक्तगट घेऊन आलेला.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फार तर तासभर रेटता येईल," सिस्टर म्हणाल्या. "आपल्या रक्तपेढीत त्या गटाची एकही पिशवी नाही."

तिनं पासवर्ड पुन्हा टाकला. पोर्ट तपासला. सगळं जागच्या जागी होतं. शेवटी तिनं टेबलावरच्या फोनवरून तिकडच्या सर्व्हरवाल्या काकांना गाठलं. त्यांना तिनं कधी पाहिलं नव्हतं, पण अडलं की त्यांचेच पाय धरायचे हे ठरलेलं.

"काका, तुमचा सर्व्हर मला उंबऱ्यावरूनच हाकलतोय."

"तुमचा पत्ता बदललाय का गं? ओळखीच्या पत्त्याशिवाय मी कुणाला आत घेत नाही."

तिनं कपाळावर हात मारला. आज सकाळीच इंटरनेटची लाइन बदलली होती, म्हणजे हॉस्पिटलच्या इंटरनेटवरच्या पत्त्याचे आकडेही बदलले. तिनं नवे आकडे वाचून दाखवले, काकांनी ते नोंदवले.

"ये आता आत."

कनेक्शन लागलं. सिस्टर पुढे वाकल्या. तिनं रक्तगट निवडला.

'एकही नोंद नाही.'

तिनं दुसरा गट निवडला. चारशे बारा नावं भराभर उतरली. तिसरा निवडला, यादी आली. पुन्हा तो लाखातला गट. एकही नोंद नाही. तिनं स्क्रिप्ट ओळ न् ओळ वाचून काढली. स्वतःच लिहिलेलं, पण परक्याचं वाटायला लागलं. डोक्याचं नुसतं भरीत झालं.

"काका, या गटाचा एक दाता होता. गेल्या महिन्यात मी यादीत माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. गेला कुठं?"

पलीकडे कळांची टकटक झाली. "इथंच आहे की. पण पुढं 'उपलब्ध नाही' असा शेरा पडलाय. आज सकाळी नऊ चाळीसला."

"कुणी टाकला?"

"आपोआप, असं दिसतंय."

"आपोआप? शेरा काय झाडावरून पडतो, काका?"

"मला तरी काय ठाऊक! इथं जे दिसतं ते सांगतोय."

लाइन बदलताना कनेक्शन अर्धवट तुटलं असणार आणि आपल्याच स्क्रिप्टनं तिकडे भलतंसलतं लिहून ठेवलं असणार. दुसरं काय? एक धडधाकट दाता आपल्या चुकीमुळे यादीतून पुसला गेला होता.

"काका, नंबर द्या त्यांचा."

"नियमात बसत नाही, पोरी. शेरा असलेल्या माणसाला फोन करायचा नाही."

"इथं माणूस जाईल, काका!"

पलीकडे पुन्हा कळांची टकटक झाली. मग काका हळू आवाजात म्हणाले, "लिहून घे. नाव विचारू नकोस."

टेबलावरच्या फोनवरून फक्त काकांचा सर्व्हरच लागायचा आणि तळघरात मोबाइलला रेंज नसायची. डॉक्टरीणबाईंना लगेच कळवता यावं म्हणून ती दोन-दोन पायऱ्या गाळत थेट तिसऱ्या मजल्यावर धावली, मागून धापा टाकत सिस्टर. ऑपरेशन थिएटरच्या बंद दाराशी तिनं नंबर फिरवला.

"वाजतोय!" ती सिस्टरना म्हणाली. सिस्टरनी हात जोडले.

फोन उचलला गेला.

"हॅलो?" बाईचा आवाज होता, रडून बसलेला.

"तुमच्याकडे रक्तदाते आहेत ना कुणी? त्यांना फोन द्या, लगेच. एका माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे हो!"

"त्यांना कसा देऊ?" हे शब्द तिला एका कानात मोबाइलमधून आणि दुसऱ्या कानात समोरच्या बाकावर बसलेल्या बाईकडून ऐकू आले. "त्यांना तर सकाळी साडेनऊलाच इथं दाखल करून आत नेलंय, ऑपरेशनला."